विदर्भाची लेक आणि अजाचा शोक

 

आज बोलायचं आहे एका राजाबद्दल. त्याची बायको गेली आणि तो रडला. गोष्ट एवढीच. पण ती सांगितली आहे कालिदासानं, साधारण दीड हजार वर्षांपूर्वी, 'रघुवंश' या महाकाव्यात. या काव्याचे 19 सर्ग आहेत, म्हणजे 19 अध्याय म्हणा. त्यातल्या 8व्या सर्गात हा राजा रडतो. त्याचं नाव अज. म्हणून संस्कृत शिकणारी मंडळी त्या भागाला 'अजविलाप' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बाया हप्ते, व्याज, शेळ्या, पापड सोडून कालिदासावर कधीपासून बोलायला लागल्या? त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आमच्या गटांमधल्या तीन घरांत मृत्यू झाले. दोघींचे नवरे गेले आणि एक ताई स्वतःच गेली. बैठक सुरू व्हायची, वही उघडायची, आणि त्या दोघींपैकी कुणाचं नाव आलं की सगळ्या खाली बघायच्या. काय बोलावं ते कुणाला सुचेना. आमच्यात एकीचं बी.ए. संस्कृत घेऊन झालेलं आहे. तिनं मराठी अर्थ दिलेलं 'रघुवंश' आणलं आणि बैठक संपल्यावर थोडं थोडं वाचून दाखवायला लागली. वाचायचं काम तिचं, मतं मात्र सगळ्यांची. आज जे सांगणार आहोत ते त्यातूनच आलेलं आहे.

आणि दुसरं कारण म्हणजे ही बायको आपलीच. तिचं नाव इंदुमती. ती विदर्भाच्या भोजराजाची बहीण. आपण रामटेकला जातो, 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच असं पुष्कळ अभ्यासक मानतात, तिथं कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही आहे. पण ज्या बाईसाठी एवढा मोठा शोक लिहिला गेला ती विदर्भाची लेक होती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माहेरची आहे म्हटल्यावर सगळ्या जरा सावरून बसल्या.

तिचं स्वयंवर 6व्या सर्गात आहे. मोठमोठे राजे रांगेनं बसलेत, सुनंदा नावाची हुशार दासी एकेकाची ओळख करून देते आहे, आणि इंदुमती हातात माळ घेऊन पुढे पुढे सरकते आहे. कवीला ती रात्रीच्या रस्त्यावरून नेल्या जाणाऱ्या दिव्यासारखी दिसते. ज्याच्यासमोर येते त्याचा चेहरा उजळतो, ती पुढे गेली की तो अंधारात. शेवटी ती अजासमोर थांबते. या उपमेवरून लोक कालिदासाला 'दीपशिखा' म्हणायला लागले. पुढे लग्न, मग परतीच्या वाटेवर चिडलेल्या राजांशी लढाई, ते सगळं आम्ही भराभर उलटलं.

अज राजा झाला, दशरथ जन्मला. हाच पुढे रामाचा बाप. सगळं ठीक चाललेलं असताना एक दिवस राजा-राणी नगराबाहेरच्या बागेत फिरायला गेले. त्याच वेळी आकाशातून नारदमुनी गोकर्णाला चालले होते, महादेवापुढे वीणा वाजवायला. वीणेच्या टोकाला स्वर्गातल्या फुलांची माळ अडकवलेली. वारा आला, माळ सुटली, आणि नेमकी इंदुमतीच्या छातीवर येऊन पडली. तिनं क्षणभर त्या माळेकडे पाहिलं, डोळे मिटले. गेली.

फुलांची माळ पडून कुणी मरतं का, असं एकीनं विचारलंच. मग दुसरी म्हणाली, माझा नवरा जेवून हात धुवायला उठला आणि तिथंच बसला, त्याला काय म्हणायचं? त्यानंतर माळेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आणि इथं कालिदास पुन्हा दिवा आणतो. राणी कोसळली तसा राजाही कोसळला. जळत्या दिव्यातून तेलाचा थेंब निखळतो तेव्हा ज्योतीचा तुकडाही सोबत खाली येतो, तसं. स्वयंवरात जी दिव्याची ज्योत होती, ती इथं विझते. आम्हाला वाटतं कवीनं हे मुद्दाम जुळवलं असावं. मध्ये एक अख्खा सर्ग गेलाय, पण दिवा लक्षात राहतो.

वारा घातल्यावर राजा शुद्धीवर आला, ती नाही आली. त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं. आणि मग जो रडला! राजा, लढाया मारलेला माणूस, सगळ्या सेवकांसमोर. कवी त्याला दोष देत नाही. तापलं की लोखंडही मऊ पडतं, मग हाडामांसाच्या माणसाचं काय घेऊन बसलात, असा त्याचा सूर आहे.

अज काय काय बोलतो ते ऐका. आधी तो फुलांशी भांडतो. मग तीच माळ उचलून स्वतःच्या छातीवर ठेवतो, की हिनं तिला मारलं तर मला का मारत नाही? नशिबानं वीज पाडली, पण झाड उभं ठेवलं आणि त्यावरची वेल तेवढी जाळली, असं म्हणतो. मग तिच्याशी भांडतो. मी चुकलो तेव्हाही तू कधी अबोला धरला नाहीस, आज तर माझं काही चुकलं नाही, आज का बोलत नाहीस? वाऱ्यानं तिचे कुरळे केस हलतात आणि त्याला वाटतं ती उठते आहे. चेहऱ्यावर अजून घामाचे थेंब आहेत, माणूस मात्र नाही.

आणि मग अर्धवट राहिलेल्या कामांची यादी. तिनं बागेतल्या आंब्याचं आणि प्रियंगूच्या वेलीचं लग्न लावायचं ठरवलं होतं, आपण तुळशीचं लावतो तसं. तो म्हणतो, लग्न ठरवून तू अशी कशी निघालीस? दोघं मिळून बकुळीच्या फुलांचा कंबरपट्टा ओवत होते, तो अर्धाच झाला होता. तोही तसाच टाकून झोपलीस?

इथं वाचणारीचाच आवाज बसला. मोठमोठ्या उपमांना कुणी रडलं नाही, अर्ध्या बकुळीला सगळ्या रडल्या. कारण हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अर्धं विणलेलं स्वेटर. निवडायला घेतलेली डाळ सुपात तशीच. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. कालिदासालाही ते ठाऊक असणार.

पुढे तो तिची नाती मोजतो. घर चालवणारी ती, सल्ला देणारी ती, एकांतातली मैत्रीण ती, आणि गाण्या-वाजवण्यात त्याची आवडती शिष्याही तीच. मृत्यूनं एकीला नेलं आणि त्याचं सगळंच गेलं, असा हिशोब तो मांडतो. सल्ला देणाऱ्यासाठी कालिदासानं 'सचिव' हा शब्द वापरला आहे. आज मंत्रालयात बसतात ते सचिव. बायकोला सचिव म्हणणारा राजा आम्हाला फार आवडला.

आता आमच्या त्या गेलेल्या ताईचं सांगतो. गटाच्या नियमाप्रमाणे सभासद गेला की त्याची बचत वारसाला परत करायची असते. तिचे यजमान पासबुक घेऊन बैठकीला आले. उंबऱ्याशीच उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. मग एकदम म्हणाले, "रेशन कार्ड कुठं ठेवलंय ते तिलाच माहीत होतं. पोरीची फी कोणत्या महिन्यात भरायची तेही तिलाच. मला तर दुधाचं बिलसुद्धा समजत नाही." एवढं बोलून कोरड्या डोळ्यांनी परत फिरले. आम्ही सचिवाचा श्लोक त्याच आठवड्यात वाचला होता. काही बोललो नाही, पण दोघीजणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या, कार्ड शोधून दिलं आणि फीचे महिने कॅलेंडरवर लिहून आल्या.

तो माणूस रडला नाही, कारण बाप्या माणसानं रडायचं नसतं असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. तेराव्यालाच त्याच्यासमोर दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या. आणि ज्या दोघींचे नवरे गेले, त्यांचं उलटं. त्यांनी रडायलाच हवं, तेही चारचौघांत. एकीला सुरुवातीला रडूच येईना, नुसती भिंतीकडे बघत बसायची, तर बाया कुजबुजल्या की हिचं काही खरं दिसत नाही. पुरुषाचं दुःख दाबायचं आणि बाईचं मोजायचं, हा आपला कारभार.

म्हणूनच आम्हाला एक गोष्ट कळली तेव्हा फार नवल वाटलं. कालिदासाचं दुसरं काव्य आहे 'कुमारसंभव'. त्याच्या 4थ्या सर्गात रती रडते. शंकरानं तिसरा डोळा उघडून तिच्या नवऱ्याला, मदनाला जाळलेलं असतं. रतीच्या विलापाचा छंद आहे वियोगिनी. आणि अजविलापाचा छंदही वियोगिनीच. म्हणजे विधवा बाई आणि विधुर राजा, दोघांना रडायला कवीनं एकच चाल दिली. बाईसाठी एक आणि पुरुषासाठी त्याहून भारदस्त दुसरी, असं केलं नाही. वाचणारीनं दोन्ही सर्गांतले श्लोक एकामागून एक म्हणून दाखवले, अर्थ न कळताही सगळ्यांना चाल ओळखू आली.

फरक आहे, पण तो दुसरीकडे. मदनाचा मित्र वसंत समोर आला की रती आणखीच मोठ्यानं रडते. आपल्याकडेही माहेरचा माणूस दारात दिसला की होतं तेच. ती त्याला म्हणते, माझ्यासाठी चिता रच. मग आकाशवाणी होते, थांब, तुझा नवरा तुला परत मिळेल. अजालाही तिच्याबरोबर जळून जावंसं वाटलंच असणार. पण तो तसं करत नाही, आणि कवी कारण स्पष्ट सांगतो: जिवाची आशा म्हणून नव्हे, राजा असून बायकोच्या मागे मेला असं लोक म्हणतील म्हणून. वाचा आणि विचार करा. बाई जळायला निघाली तर तिला अडवायला आकाशातून आवाज यावा लागतो. पुरुषाला नुसतं 'लोक काय म्हणतील' पुरतं. आमच्यातली एक आजी यावर म्हणाली, "लोकांनी एकदा तरी चांगलं काम केलं म्हणायचं." सगळ्या हसल्या. सतीच्या काळात हेच लोक काय म्हणत होते, ते मात्र हसण्यासारखं नाही.

अजाचं पुढे काय झालं? तिचे दिवस त्यानं त्याच बागेत केले. गावात परत आला तेव्हा आपलंच दुःख बायकांच्या डोळ्यांतून वाहताना त्याला दिसलं. मग वसिष्ठ ऋषींचा निरोप आला. ते स्वतः आले नाहीत, यज्ञात गुंतले होते, शिष्याला पाठवलं. आपल्याकडेही काही मंडळी कामात असतात, त्यांचा निरोप येतो. निरोप असा, की इंदुमती ही मूळची हरिणी नावाची अप्सरा. तृणबिंदू ऋषींचं तप मोडायला इंद्रानं तिला पाठवलं होतं, ऋषींनी शाप दिला, आणि स्वर्गातली फुलं दिसेपर्यंतच तिला माणसाच्या जन्मात राहायचं होतं. फुलं दिसली, ती सुटली. तेव्हा शोक आवर. तू मेलास तरी ती भेटेलच असं नाही, मेलेल्यांच्या वाटा ज्याच्या त्याच्या कर्मानं वेगळ्या असतात. जवळच्यांचे न थांबणारे अश्रू गेलेल्या जिवाला भाजतात. मरण हेच स्वाभाविक आहे, जगलो तेवढे दिवस फायद्याचे.

हे आपल्या ओळखीचं आहे ना? "रडू नको गं, त्याचा जीव अडकतो." "देवाला आवडला म्हणून नेला." "तिचे तेवढेच दिवस लिहिले होते." दीड हजार वर्षांत आपण समाचाराला जाऊन बोलतो त्यात फारसा बदल झालेला दिसत नाही. वसिष्ठ चुकीचं काही बोलत नाहीत. त्यांचं बोलणं शहाणपणाचं आहे, मायेचंही आहे.

पण अजानं काय केलं? "बरं" म्हणाला आणि शिष्याला निरोप दिला. आणि कवी सांगतो की त्या शोकानं भरलेल्या मनात उपदेशाला जागाच मिळाली नाही, शब्द जणू आले तसे गुरूकडे परत गेले. आम्हाला विचाराल तर सबंध सर्गात ही जागा सगळ्यात खरी आहे. कालिदास गुरूला खोटं ठरवत नाही आणि राजालाही वेडा ठरवत नाही. आपल्याला "बरं" म्हणून वाटेला लावलेलं आहे हे समजावणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. तो घरी जाऊन सांगतो, समजावून आलो, आता ठीक आहे.

ठीक नव्हतं. मुलगा लहान होता म्हणून अजानं 8 वर्षं काढली. कशी काढली? तिच्यासारखं दिसणारं काही पाहून, तिचं चित्र पाहून, आणि स्वप्नात क्षणभर भेटून. आमच्या एका ताईच्या नवऱ्याचा मोबाईल अजून चालू आहे. दर महिन्याला ती स्वतःच्या भाजीच्या पैशांतून त्याचं रिचार्ज मारते, कारण त्यात त्याचा आवाज आहे, पोराला शाळेतून आणायला उशीर होईल असं सांगणारा. घरचे म्हणतात पैसे वाया घालवते. तिला आम्ही राजाचं चित्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला कुणी विचारलं नसेल चित्राला किती खर्च आला."

या 8 वर्षांत दुसरी राणी केल्याचं कवी कुठं सांगत नाही. ज्याच्याकडे शेकडो स्थळं चालून आली असती त्याची ही गोष्ट. त्याच्याच मुलाला पुढे तीन राण्या, ते जाऊ द्या. पण दशरथही शेवटी शोकानंच गेला, रामाच्या. घराण्यातच होतं म्हणायचं.

शेवट मात्र आम्हाला सगळ्यांना पटलेला नाही. वाड्याच्या गच्चीत झाडाचं रोप उगवतं आणि मुळं आत आत शिरून भिंत फोडतं, तसा त्या शोकानं अजाचं काळीज फोडलं, असं कवी म्हणतो. जुन्या घरांतून पिंपळ उगवलेले आपण बघतोच, बाहेरून पालवी हिरवीगार दिसते. अजाला असाध्य रोग जडला, आणि तो त्याला फायद्याचाच वाटला, लवकर तिच्याकडे जाता येईल म्हणून. मुलगा कवच घालण्याएवढा झाल्यावर त्याच्या हाती राज्य दिलं, अन्नपाणी सोडलं आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. मग स्वर्गातल्या नंदनवनात त्याला ती भेटली, पूर्वीहून सुंदर.

काहीजणींना हे गोड वाटलं. काहीजणी म्हणाल्या, पोरगा मोठा झाला म्हणून काय झालं, त्याला बाप नको होता? आम्ही दुसऱ्या बाजूच्या. भिंतीत रोप दिसलं तेव्हाच कुणीतरी बघायला हवं होतं. अजाच्या काळात त्याला ऋषींचा निरोप मिळाला, आणखी काही नाही. आज तसं नाही. घरातलं कुणी महिनोन्‌महिने नीट जेवत-झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा आहे. क्रमांक 14416. फोन लावायला पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही लावा, मराठीतही बोलता येतं. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आशाताईला सोबत घेऊन गेलात तरी चालेल.

एक आणखी. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे सगळं बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आम्हाला यात आठवतं ते हे, की अजाच्या अंगावरचं त्या दिवशी कुणी काही उतरवलं नाही. तो राजा होता तसाच राहिला, वर आठ वर्षं रडायची मुभाही त्याला होती. आमच्या ग्रामसभेत हा विषय ठेवला आहे, एकदा पुढे ढकलला गेला आहे. पुन्हा ठेवू.

गटात आम्ही सध्या एवढंच ठरवलं आहे: घरात मृत्यू झालेल्या सभासदाच्या शेजारी बैठकीत कुणीतरी बसायचं, तिनं विचारल्याशिवाय तिला काही समजवायला जायचं नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरायचं नाही. पहिल्यांदा नाव घेतलं त्या दिवशी मोबाईलवाली ताई तासभर नवऱ्याबद्दल बोलत होती. त्याला वांग्याची भाजी आवडायची नाही इथपासून. हप्त्याची वही त्या दिवशी उघडलीच नाही.

'रघुवंश'ची मराठी अर्थासह प्रत आमच्या गटाच्या पेटीत आहे. ज्यांना हवी त्यांनी नाव नोंदवून आठ दिवसांसाठी न्यावी, पानं दुमडू नयेत. पुढच्या बुधवारी याच वेळेला शेळ्यांच्या विम्याची माहिती सांगू. कागद तयार ठेवा. नमस्कार.